तुम्ही विचारलंत म्हणून: डीएनए असताना साखर कशाला?

"मॅडम, आता डीएनए वाचता येतो. मग जिवाणू ओळखायला तुम्ही अजून त्यांच्या पेशीतली साखर कसली शोधताय?" बेळगावात ओळखीचं कुणीही भेटलं की हेच.

जनुकावरून कळतं पेशी काय बनवू शकते. शर्करेवरून कळतं तिनं खरोखर काय बनवलंय. मातीतल्या जिवाणूंचे गटच बघा: नोकार्डियाच्या पेशीत अरॅबिनोज आणि गॅलॅक्टोज या शर्करा जोडीनं सापडतात, ॲक्टिनोमॅड्युराची खूण मॅड्युरोज, स्ट्रेप्टोमायसिसमध्ये अशी खास शर्करा नाहीच. लेशेव्हालिए या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ दांपत्यानं १९७० मध्ये या खुणांवरून गट मांडले, ते अजून उपयोगी पडतात.

पण तुमचा रोख माझ्या त्या चुकलेल्या संशोधन-पोस्टरवर असतो, हे मला कळतं. तर सांगते.

खानापूरच्या जंगलातल्या मातीतून एक जिवाणू मिळाला होता. ओटमील आगारवर, म्हणजे ओट घातलेल्या जेलीसारख्या खाद्यावर, खडूसारखी पांढरी वाढ, बशी उघडली की पहिल्या पावसाचा वास. ती खरवडली, आम्लात उकळली, शर्करा वेगवेगळ्या करणारी क्रोमॅटोग्राफीची पट्टी चालवली, त्यांचे ठिपके दिसावेत म्हणून ॲनिलिन थॅलेट फवारून ओव्हनमध्ये ठेवली. एक ठिपका लालसर, एक तपकिरी. अरॅबिनोज, गॅलॅक्टोज! नोकार्डियाचा नातलग, असं सरांना सांगून मोकळी झाले. पोस्टर छापलं.

पेशीभिंतीतलं डायअमिनोपायमेलिक आम्ल (ओळखीची आणखी एक खूण) मात्र एलएल प्रकारचं निघालं, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिसमध्ये असतं तसं, नोकार्डियासारखं नव्हे. मी म्हटलं, चाचणी चुकली. परत केली. तेच. शेवटी बशा धुणारे मामा म्हणाले, "बाई, तुमच्या खरवडण्यात खालचं आगारबी निघतंय की हो."

आगार म्हणजे मुळात गॅलॅक्टोजचीच साखळी. ओटच्या कोंड्यात अरॅबिनोज. मी जिवाणूची नव्हे, त्याच्या ताटाची तपासणी केली होती. तोच जिवाणू द्रव माध्यमात वाढवला, पेशी तीनदा धुतल्या, आणि दोन्ही ठिपके गेले. ती पट्टी हातात धरून मी किती वेळ बसले होते, कोण जाणे.

डीएनए केला असता तर तेव्हाच कळलं असतं, म्हणाल. बरोबर आहे. पैसे नव्हते, असं मी बरीच वर्षं सांगत आले. खरं कारण वेगळं होतं: मला ते उत्तर आवडलं होतं. आवडलेल्या उत्तरापुढे मी डीएनएचंही ऐकलं नसतं. यात शर्करेचा काय दोष?

सध्या जांबोटीच्या मातीतला एक जिवाणू शेकरवर, म्हणजे बाटली हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, फिरतोय, आगारशिवाय. त्याचा डीएनएही पाठवलाय. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर कुणाचं ऐकायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.