प्रथमोपचारकांचं प्रशिक्षण: घोडं अडलं ते टूर्निकेटपाशी

कामावरच्या प्रथमोपचारकांना जोराचा रक्तस्राव थांबवायला शिकवायचं होतं. तारीख, खोली, नावं झटपट ठरली. अडवणूक झाली ती खरेदी विभागात.

टूर्निकेट, म्हणजे हात किंवा पाय आवळून रक्तस्राव थांबवायचे पट्टे मागवले, तर हाती पडले रक्ताचा नमुना घेताना दंडाला बांधतात ते रबरी पट्टे. ‘स्वस्त आहेत, काम तेच,’ असं वर ऐकून घ्यावं लागलं. काम तेच कसं असेल? त्या पट्ट्याने फक्त शिरा दाबल्या जातात. धमनीतून रक्त येतच राहतं आणि परतीची वाट बंद झाल्याने जखमेतून उलट जास्त वाहतं. बारीक दोरी बांधली तरी हाच धोका. म्हणून मागणीपत्रात फोड करून लिहा: सुमारे 4 सेंमी रुंद पट्टा, पिळायची दांडी, ती अडकवायची खाच, वेळ लिहायची जागा.

ते पटलं, तर पुढची हुज्जत: ‘पेटीतल्यावरच सराव करा की!’ अजिबात नको. सरावाने वेल्क्रो झिजतो, दांडीवर ताण येतो आणि नेमकी गरजेच्या वेळी ती दगा देते. सरावाचे नग वेगळे, ठळक खूण केलेले हवेत. एवढं गळी उतरवेपर्यंत प्रशिक्षण पुढे ढकलावं लागलं, याचा राग अजून आहे.

वर्गात बहुतेकांचं एकाच ठिकाणी चुकतं. पट्टा ढिला ठेवूनच दांडी फिरवायला घेतात. आधी पट्टा इतका ओढून घ्या की खाली बोट शिरू नये, मग दांडी. जखमेच्या 5 ते 7 सेंमी वर, सांधा टाळून. खिशातल्या किल्ल्या, मोबाइल आधी बाहेर. रक्त थांबेपर्यंत पिळायचं. माणूस ओरडणार, कारण ते दुखतंच. सैल करायचं नाही. वेळ लिहायची. तरीही वाहत असेल तर पहिल्याच्या वर दुसरा. हे पुतळ्याच्या पायावरच शिकवा, सहकाऱ्याच्या मांडीवर दांडी पूर्ण पिळू देऊ नका.

जांघेत किंवा काखेत टूर्निकेट बसत नाही. तिथे रक्त जिथून येतंय तिथपर्यंत बोटाने गॉज कोंबायचा आणि कोपर ताठ ठेवून दोन्ही हातांनी दाबायचं. साधा गॉज असेल तर किमान 10 मिनिटं, रक्त गोठवणारा असेल तर किमान 3. घड्याळ लावूनच करून घ्या. मध्येच उचलून बघायचा मोह सगळ्यांना होतो. छातीत, पोटात काही कोंबायचं नाही. रुग्णवाहिकेला फोन दुसऱ्याने, दाबणाऱ्याने नव्हे.

हो, आणि सराव हातमोजे घालून, त्यावर साबणाचं पाणी लावून घ्या. ओल्या मोज्यांतून दांडी निसटते, वेल्क्रोचं टोक सापडत नाही.