सिकलसेल ग्रुपला असोसिएशनची मान्यता कशी मिळाली, माझा अनुभव

मी फिजिओथेरपिस्ट, गडचिरोली जिल्ह्यात प्रॅक्टिस करते. आमच्या भागात पंचविशीतला पोरगा लंगडत आला की पहिले सिकलसेलचं (रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात तो आनुवंशिक आजार) विचारावं लागते, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड खचलेलं असते बऱ्याचदा. केंद्राचं सिकलसेल मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत आजार संपवायचा वगैरे. चांगलंच आहे. पण तपासणीत सापडलेल्याला व्यायाम कोणता द्यायचा, किती द्यायचा, हे आम्हीच एकमेकांना फोन करून विचारून राहिलो होतो.

म्हणून ठरवलं की आपल्या फिजिओथेरपिस्टांच्या असोसिएशनमधे ऑर्थो, न्यूरो, स्पोर्ट्सचे इंटरेस्ट ग्रुप, म्हणजे एकेका विषयावर काम करणाऱ्या सभासदांचे गट, आहेत तसा सिकलसेलचा काढू.

नियम मागवले तर वाटलं त्यापेक्षा सोपे. एक संयोजक, एका पानात उद्देश, आणि चालू सभासदांच्या सह्या, त्याही एकाच जिल्ह्यातल्या नाही चालत. इथंच सगळा वेळ गेला. वडसा, आरमोरी, गोंदियाकडून सह्या आल्या आणि ऑफिसनं यादीशी ताडून अर्ध्याअधिक बाजूला काढल्या. कोणाची वर्गणी थकलेली, तर लग्न झालेल्या मुलींची रजिस्टरात माहेरची आडनावं आणि सही सासरच्या नावानं! म्हणून सह्या घ्यायच्या आधी सभासद यादी मागून घ्या, ते देतात.

मग आलं ओव्हरलॅप. असलेल्या ग्रुपचंच काम असेल तर मान्यता नाही असा नियम आहे, आणि कमिटीतले एक सर म्हणाले, ऑर्थो आहे ना, त्यातच बसा की. आमची ब्रह्मपुरीची मैत्रीण लय शांतपणे म्हणाली, "सर, गुडघा सुजला तर ऑर्थोवाले पहिले काय ठेवता?" सर म्हणाले बर्फ. "आमच्या पेशंटले तेच नाही ठेवता येत सर." गारव्यानं शिरा आकसतात, रक्त मंदावते, विळ्यासारख्या झालेल्या पेशी तिथंच अडकतात आणि दुखणं उसळते, म्हणून शेक द्यायचा. व्यायामातही धाप लागेपर्यंत नाही न्यायचं, मधेमधे पाणी पाजत राहायचं. त्यावर कोणी काही बोललं नाही. माझ्या मते आमचं लिहिलेलं उद्देशाचं पान कोणी नीट वाचलंच नव्हतं, काम त्या बर्फानं केलं.

ग्रुपचं वेगळं बँक खातं नाही, यावर आमच्यातले काही चिडले. मला तो नियम पटला. असोसिएशन १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेली आहे, हिशोब ऑडिट होऊन धर्मादाय ऑफिसला जातात, दर ग्रुपनं आपलं खातं उघडलं तर खजिनदारानं काय करायचं. लोगो विचारल्याशिवाय वापरायचा नाही हेही ठीक. पेपरवाल्यांशी असोसिएशनच्या नावानं बोलायचं नाही, हे मात्र जरा अति वाटते, गावात पत्रकार भाऊ सरळ क्लिनिकमधे येऊन बसतो, त्याले काय सांगू?

सध्या मान्यता तात्पुरती, एक वर्षाची. बैठका घेतल्याचे मिनिट्स आणि कामाचा रिपोर्ट दिला तर पुढं कायम. पहिली बैठक ब्रह्मपुरीला, धानाची रोवणी (लावणी) आटोपल्यावर ठेवली, कारण रोवणीच्या दिवसांत कंबरदुखीच्या बाया इतक्या येतात की कोणी क्लिनिक सोडून निघूच शकत नाही.