अंगठा लावायच्या आधी

अंगठ्याचा ठसा उमटत नव्हता. रजिस्टर ऑफिसातल्या त्या एवढ्याशा काचेवर बाईंनी चारदा अंगठा ठेवला आणि चारही वेळा मशीनने तो नाकारला. साठीच्या पुढच्या बाई. सगळा जन्म भांगलणीत आणि भांडी घासण्यात गेलेला, बोटाच्या रेषाच झिजलेल्या. ऑपरेटर म्हणाला, "मावशी, पदरानं पुसा आणि दाबून धरा." त्यांनी अंगठा पुसला, जरा ओला केला, परत पुसला, परत दाबला. शेजारी धाकटा भाऊ उभा होता. "अक्का, सावकाश, होतंय," म्हणत होता. भाऊ वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. सकाळी तोच गाडी घेऊन बहिणीला आणायला गेला होता, वाटेत तिला गोळ्या घ्यायला थांबला होता.

पाचव्या वेळी ठसा आला. साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "दस्तातला मजकूर मान्य आहे ना?" बाईंनी भावाकडे पाहिलं आणि मान हलवली.

मी दुसऱ्याच एका दस्तासाठी तिथे थांबले होते. बाहेर व्हरांड्यात त्या बाकावर टेकल्या तेव्हा राहवलं नाही, विचारलं, "कशाचा दस्त होता, मावशी?"

"वडलांच्या रानाचा. भावाला सोसायटीचं कर्ज काढायचं हाय, त्याला माझी संमती लागती म्हणं."

ती संमती नव्हती, हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा त्यांनी कायमचा सोडला होता आणि हे त्यांना माझ्याकडून, काम उरकल्यावर, बाकावर बसून कळलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पर त्याला बी पोरं हाइत." मला आजही हे आठवलं की गलबलून येतं. त्यांनी कदाचित सगळं समजूनही तो हिस्सा भावाला दिलाच असता. पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

गेली अठरा वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी दिवाणी वकिली करते. लोक मला लग्नात, दवाखान्यात, एसटीत गाठून जे प्रश्न विचारतात त्यातले निम्मे याच गावचे असतात: नाव कुणाचं लागलंय, सही कुणी केली, आता काय होणार. म्हणून एकदाच नीट लिहिते. खाली वारसाबद्दल जे आहे ते हिंदू वारसा कायद्याचं, म्हणजे बौद्ध, जैन आणि शीख घरांनाही लागू होणारं. मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांचे नियम वेगळे आहेत.

आधी हक्कसोडपत्र. हे सहहिस्सेदारानं दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात करायचं असतं आणि स्थावर मिळकतीचं असेल तर त्याची नोंदणी लागते. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केली म्हणून हक्क जात नाही. अशा कागदावर सही करून दहा वर्षं स्वतःला बेदखल समजत बसलेल्या बहिणी मी पाहिल्या आहेत. मात्र एकदा नोंदणी झाली की "मी मनापासून नव्हतं दिलं" एवढ्यावर दस्त फिरत नाही. फसवणूक झाली, मजकूर वेगळाच सांगितला, दडपण आणलं, असं कोर्टात सिद्ध करावं लागतं आणि ते कळल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. "तुझं तुला नंतर देईन" हे तोंडी आश्वासन दस्तात नसेल तर दस्तापुढे त्याचा टिकाव लागणं फार अवघड.

बहिणी मला हमखास सांगतात, "आमचं लग्न आधीच झालं, कायदा २००५ चा, म्हणजे आम्हाला काही नाही." दोन्ही अर्ध्यात चूक आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर मुलीला मुलाइतकाच हिस्सा १९५६ च्या कायद्यापासूनच आहे. २००५ साली बदललं ते वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबाबत. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानं सहदायाद, म्हणजे मुलासारखीच जन्मापासूनची हिस्सेदार झाली. महाराष्ट्रात तर १९९४ सालीच, त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींना हा हक्क दिला होता. २००५ नंतर एक वाद बरीच वर्षं चालला: वडील त्या तारखेला हयात असायला हवेत की नकोत? ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला. वडील हयात असण्याची गरज नाही, मुलीचं लग्न केव्हा झालं याचाही संबंध नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी किंवा विक्री होऊन गेली असेल तर ती आता उकरता येत नाही.

सातबाऱ्याचं तसंच. वडील गेले की वारस नोंदीला मुलांची आणि आईची नावं लागतात, बहिणींची लागतच नाहीत, किंवा जुन्या उताऱ्यांवर "इतर हक्क" या रकान्यात ढकललेली सापडतात. फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर झाला, आता संपलं, असं समजून बाया गप्प बसतात. सातबारा आणि फेरफार हे महसुलाचं दप्तर आहे. त्यात नाव असल्यानं मालकी जन्माला येत नाही आणि नाव नसल्यानं मरत नाही. पण म्हणून दुर्लक्षही करू नका, कारण विकणारा तोच उतारा दाखवून विकतो आणि मग तिसऱ्याच माणसाशी भांडावं लागतं. फेरफाराची नोटीस लागल्यावर हरकतीला १५ दिवस असतात, आणि ती नोटीस चावडीवर लागलेली सासरी नांदणाऱ्या मुलीला कळणार कशी? उतारा आता ऑनलाइन दिसतो. माहेरचा गट नंबर पाठ ठेवा, वर्षातून एकदा उघडून बघा.

हे गावाकडचं. फ्लॅटची गोष्ट दिसायला वेगळी, पण गाठ तीच.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आसपास एका मुलीचा फोन आला. वय तिशीच्या आतलं. नवरा पुण्यात नोकरीला होता, अपघातात गेला. पदरी चार वर्षांची मुलगी. फ्लॅट नवऱ्यानं लग्नाच्या आधी, स्वतःच्या कर्जावर घेतलेला. हौसिंग सोसायटीत नॉमिनी म्हणून त्यानं तेव्हा वडिलांचं नाव भरलं होतं, लग्नानंतर बदलायचं राहून गेलं. सोसायटीचं पत्र सासऱ्यांच्या नावानं आलं होतं आणि सासऱ्यांची प्रामाणिक समजूत झाली होती की घर आता त्यांचं. मुलगी मला विचारत होती, "ताई, मला किती दिवसांत घर सोडावं लागेल?"

तिला घर सोडावं लागणार नव्हतं. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं हे विम्याच्या पैशांबाबत १९८४ मध्येच सांगितलं आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात तर २०१९ च्या दुरुस्तीनं हौसिंग सोसायट्यांसाठी हे अगदी स्वच्छ लिहिलं आहे. सभासद गेल्यावर नॉमिनीला घ्यायचं ते तात्पुरता सभासद म्हणून, खरे वारस ठरून येईपर्यंत. घर सांभाळायला दिलेला माणूस, एवढाच त्याचा अर्थ.

मग वारस कोण? इथे मीच तिला धक्का दिला. मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर पहिल्या वर्गातल्या वारसांत बायको, मुलं आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. वडील या वर्गात नाहीत. म्हणजे ज्यांच्या नावानं पत्र आलं त्या सासऱ्यांना काहीच नाही, आणि ज्यांचा कुणी विचारच केला नव्हता त्या सासूबाईंना एक तृतीयांश. बायको एक, मुलगी एक, आई एक. "सगळं बायकोचं" ही समजूत शहरात सर्रास आहे आणि ती चूक आहे. सासूबाईंच्या पश्चात त्यांचा तो तिसरा हिस्सा सासरे, दीर आणि ही नात यांच्यात वाटला गेला असता. अशानं दोन खोल्यांच्या घराला दहा वर्षांत चार मालक होतात आणि विकायला एकाचीही सही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट तिला माहीत नव्हती. मुलीचा हिस्सा तिला आई म्हणून परस्पर विकता येणार नव्हता. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या स्थावर मिळकतीच्या विक्रीला कोर्टाची परवानगी लागते, सख्ख्या आईलाही. घेणाऱ्याचा वकील हे पहिल्यांदा बघतो.

आम्ही चौघं एका रविवारी बसलो. सासऱ्यांना मी कलम वाचून दाखवलं. ते चिडले नाहीत, गप्प झाले. सासूबाईंनी विचारलं, "माझा वाटा मी नातीला दिला तर?" मी म्हटलं, देता येईल, पण आज नको, महिनाभर विचार करा. महिन्यानं त्यांनी स्वतः फोन केला. हक्कसोडपत्रच केलं, नातीच्या लाभात. मसुदा मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, गट नंबरासारखा फ्लॅट नंबर, मजला, चौरस फूट, सगळं. मध्ये थांबवून त्यांनी विचारलं, "म्हणजे उद्या मला इथे राहायचं झालं तर?" तोवर कुणाला ते सुचलं नव्हतं. मग त्यांच्या हयातभर त्या घरात राहण्याच्या हक्काचा परिच्छेद वाढवला. व्हरांड्यातल्या त्या मावशींचा आणि यांचा कागद एकाच नावाचा.

या मावशींसारख्यांना एक ठाऊक असायला हवं. स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत उत्पन्न न बघता मिळते, विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यानं. प्रत्येक तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा फोन नंबर देशभर चालतो. भावानं वकील दिला म्हणून त्याचाच वकील आपला, असं नसतं.

आईवडिलांकडून येणारा प्रश्न उलटा असतो: "फ्लॅट मुलाच्या नावावर करून टाकू का, म्हणजे मागून कटकट नको?" माझं उत्तर, हयातीत घाई करू नका. बक्षीसपत्रानं मालकी त्याच दिवशी जाते, मृत्युपत्रानं तुमच्या पश्चात, आणि मृत्युपत्र केव्हाही बदलता येतं. तरी बक्षीस द्यायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ या अटीवरच उभं आहे. अट असेल आणि मुलगा सांभाळत नसेल, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. आपल्याकडे हा अर्ज प्रांतांकडे जातो. अट लिहायला लाज वाटते, मुलावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, हे मला कळतं. पण त्या एका ओळीअभावी प्रांत कार्यालयात हताश होऊन बसलेले आजोबा मी पाहिलेत.

भाड्याचं थोडक्यात. "अकरा महिन्यांचा करार, त्याची नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो, आणि जबाबदारी घरमालकाची. नसेल तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, केली तर बरी. साध्या कागदावर चालतं. लागतात ते दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलंय आणि तुमच्यासमोर स्वतःच्या सह्या केल्या आहेत. ज्याला काही द्यायचंय त्याला साक्षीदार करू नका. आणि शक्यतो तुमच्यापेक्षा वयानं लहान साक्षीदार घ्या, नाहीतर वेळ येते तेव्हा साक्ष द्यायला कुणी उरत नाही.

हे लिहायच्या आधी गेल्या रविवारी आम्ही आमच्या घरातले कागद काढून बसलो. यांच्या पीएफला नॉमिनी अजून सासूबाईच होत्या, नोकरी लागली तेव्हा भरलेल्या. पीएफच्या नियमात लग्नाआधीचं नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप बाद होतं, म्हणजे इतकी वर्षं तो रकाना कायद्याच्या दृष्टीनं रिकामाच होता. तो त्याच दिवशी ऑनलाइन भरला. मृत्युपत्राचे दोन मसुदे टेबलावर आहेत, एक यांचा, एक माझा. एक साक्षीदार ठरलाय, खालच्या मजल्यावरचे डॉक्टर, आमच्याहून बारा वर्षांनी लहान. दुसऱ्यासाठी आज संध्याकाळी विचारायला जाणार आहोत.