पाणातिपाता आणि चट्ट

आषाढी पौर्णिमा झाली की आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन सुरू होतं, ते थेट अश्विन पौर्णिमेपर्यंत. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहायचं, तो वर्षावास. आमच्याकडे भन्ते येतात क्वचितच, त्यामुळे वर्षावास पाळतात त्या बायकाच. पांढऱ्या साड्या, मांडीवर नातवंडं.

पाऊस म्हटला की डास आलेच. आई माइकवर शील म्हणते, ‘पाणातिपाता वेरमणि सिक्खापदं समादियामि’, सगळ्या मागून म्हणतात, आणि ‘समादियामि’ संपायच्या आत मागच्या रांगेत चट्ट! जीवहिंसेपासून दूर राहण्याची शिकवण घेतली, ती अर्धं मिनिटही टिकली नाही.

घरी आल्यावर आईला छेडलं. तिनं बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ उघडला. बाबासाहेब गेल्यावर, १९५७ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आमच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी असतो. अहिंसेच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, “मारण्याची गरज वेगळी, मारण्याची इच्छा वेगळी. डेंग्यूचा डास म्हणजे गरज.”

“आणि बॅट फिरवताना तुला मजा येते, ती?”

आई चष्मा पुसत बसली.

खरं तर शीलं ऐकायची तर बायकांच्या आवाजात ऐकावीत. पहिली चार एका सुरात जातात. पाचवं आलं, ‘सुरामेरय’, की आवाज चढतो. कुणाचा नवरा, कुणाचा पोरगा त्या वेळी कुठल्या गुत्त्यावर असेल, हे शेजारणीलाही ठाऊक असतं. पाली कुणाला येत नाही, पण त्या ओळीचा अर्थ कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं पिशवीतून डासांच्या मलमाची ट्यूब काढली आणि वंदनेआधी रांगेनं प्रत्येकीच्या हाताला बोटभर लावत गेली. हळदीकुंकू १९५६ साली आजीच्या पिढीनंच सोडलं, पण हात पुढं करायची ती ढब काही सुटलेली नाही. मला हसू आलं, आईनं डोळे वटारले.

त्या दिवशी ‘पाणातिपाता’ला एकही चट्ट ऐकू आला नाही. ‘मुसावादा’, म्हणजे खोटं न बोलण्याचं शील, सुरू झालं आणि शेजारच्या मावशींचा फोन वाजला. पदर तोंडाशी धरून त्या हळूच म्हणाल्या, “अगं निघालेच, रस्त्यातच आहे.”