कडुनिंबावरची गुळवेल

आज पावसाने थोडी उघडीप दिल्यावर कळंब्याच्या घरामागील कडुनिंबावर चढलेली गुळवेल छाटली आणि शेजारच्या काकूंसाठी अंगठ्याएवढ्या जाडीचे जून तुकडे बाजूला काढले. कडुनिंबावर वाढलेली गुळवेल औषधाला उत्तम, असे आपल्याकडे परंपरेने मानले जाते; मला मात्र तिच्या चिवटपणाचेच अधिक अप्रूप वाटते, कारण मुळाशी संबंध तुटलेले खोडसुद्धा फांदीवर लोंबकळत राहून दोरीसारखी हवाई मुळे जमिनीकडे सोडते आणि पुन्हा जगते. त्यामुळे कोल्हापूरच्या पावसाळ्यात लागवडीसाठी डोळे असलेला वीतभर तुकडा मातीत खोचणे पुरेसे होते. पाणी साचू दिले नाही आणि चढायला आधार दिला, की झाले.

दुपारी काही तुकड्यांची पातळ साल काढून ते ठेचले व सत्त्वासाठी पाण्यात भिजत घातले. उद्या ते कुस्करून गाळायचे, तळाशी पांढरा साका बसला की वरचे पाणी निथळून टाकायचे आणि साका वाळवायचा. टोपलीभर खोडातून हाती येते ते चिमूटभरच, तेव्हा बाजारातील स्वस्त सत्त्वाविषयी शंका घ्यावी हे बरे.

काकूंना रोज काढा घ्यायचा होता. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले होते, तर आयुष मंत्रालयाने खोडावर ठळक गाठी असणाऱ्या तिच्या भावंड-वेलीशी गल्लत न करण्याविषयी सावध केले होते. काकूंना मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्याने, आधी डॉक्टरांना विचारा, असे सांगूनच तुकडे दिले.