तडजोडीची पुरसिस

बांध कोरण्यावरून भावकीतल्या पुतण्याने अण्णांना कुऱ्हाडीच्या दांड्याने मारलं. हात मोडला, म्हणून कलम ३२५ लागलं. तेव्हा जुनी दंड संहिताच होती.

हे कलम कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं, आणि मिटवायचं का ते मार खाणाऱ्याने ठरवायचं असतं. कागदावर. गावात ते सोयरेधायरे ठरवतात. "अण्णा, किती दिस ताणायचं? केसपायी पोराची सोयरीक अडलीय." मारलं त्याने, आणि सोयरीक अडल्याचं पाप अण्णांच्या माथी!

लोकअदालतीत पुरसिस, म्हणजे तडजोड झाल्याचं कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, पुढे आली. दवाखान्याचे पैसे वकिलामार्फत आधीच पोचले होते. "कुणाचा दबाव नाही ना?" "न्हाई." सह्या झाल्या. पुरसिसमध्ये बांधाचा शब्दही नव्हता. अशी तडजोड मंजूर झाली की कायद्याने आरोपी निर्दोष ठरतो. म्हणजे 'का मारलंस?' हे त्याला कुणी विचारलंच नाही, आणि आता विचारणारही नाही. दोघं एकाच व्हरांड्यात उभे होते, पण त्याने मान वर केली नाही.

कॅनडातल्या एल्मायरा गावात १९७४ साली दोन पोरांनी २२ ठिकाणी नासधूस केली. मार्क यांत्झी या प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं, की या पोरांना त्या लोकांसमोर उभं करू. पोरं खरंच दारोदार गेली, नुकसान ऐकून घेतलं, पुढे भरपाईही दिली. भरपाईचं मला नवल नाही, पैसे आम्हालाही मिळाले. पण तिथं दार पोरांनी स्वतः वाजवलं. आपल्याकडे २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आली. गावाला बक्षीस होतं, पण आमच्याकडे तरी सगळा जोर तंटा मिटल्याची नोंद करण्यावरच राहिला.

असं समोरासमोर आणणं सगळ्याच गुन्ह्यांना लावा असं मी म्हणत नाही. बलात्काराच्या केसमध्ये 'मिटवून घ्या' म्हणत दारात येणारे पुढारी आपण पाहिलेत. खून-बलात्कारासारखे गुन्हे तडजोडीवर रद्द करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ग्यानसिंग खटल्यात सांगितलंय, ते बरंच झालं. पण बांधाची भांडणं? ज्याच्या शेजारी जन्म काढायचाय, त्याच्याशी वकिलामार्फत किती दिवस बोलणार?

अण्णांना विचारलं, तो घरी आला असता तर काय केलं असतं?

"आदी शिव्या घातल्या असत्या. मंग चहा."