एका शून्यापायी डीएमए गायब

चार दिवस डोकं खाल्लं या प्रकरणाने, आज सुटलं, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढतोय.

आमच्या बोर्डाच्या सिरियल पोर्टला एक सेन्सर जोडलाय. बॉड रेट, म्हणजे सेकंदाला जाणारे बिट, 921600; बाइटमागे स्टार्ट-स्टॉप धरून 10 बिट, म्हणजे सेकंदाला 92160 बाइट. टीममधला नवा मुलगा येऊन म्हणाला, "दादा, मधेच बाइट गळतायत." मला आधी केबलचाच संशय आला, शनिवारी पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन नवीन केबल आणली, कोथरूडला घरी येऊन लावली, फरक शून्य. मग /प्रॉक/इंटरप्ट्स उघडून बघितलं (हार्डवेअरने सीपीयूला किती वेळा हाक मारली, म्हणजे इंटरप्ट दिला, ते लिनक्स तिथे दाखवतं) तर त्या पोर्टसमोरचा आकडा सेकंदाला हजारोंनी पळतोय. म्हणजे डीएमए, सीपीयूला न उठवता डेटा थेट मेमरीत नेणारी सोय, चालूच नव्हता, एकेक बाइट उचलायला सीपीयू स्वतः धावत होता आणि पोहोचला नाही की बाइट गेला.

आता मूळ गोष्ट. यूएसबी किंवा पीसीआयचं डिव्हाइस आपण कोण ते स्वतःच सांगतं. चिपच्या आतला डीएमए कंट्रोलर तसं काही सांगत नाही, आपण डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय काय आहे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहू तेवढंच लिनक्सच्या कर्नलला कळतं. कंट्रोलरच्या नोडमध्ये (फाइलमधल्या त्याच्या नोंदीत) त्याचा पत्ता, इंटरप्ट, क्लॉक, आणि #डीएमए-सेल्स, म्हणजे एक चॅनल मागताना किती आकडे द्यायचे. एसटीएम32 या चिपच्या कंट्रोलरला 4 लागतात: स्ट्रीम, रिक्वेस्ट लाइन, कॉन्फिगरेशन, फीचर्स. हे आकडे मनाने टाकायचे नाहीत हं, तिच्या एफ4 मालिकेत यूझार्ट2 चं, म्हणजे दुसऱ्या सिरियल पोर्टचं, रिसीव्ह डीएमए1 च्या स्ट्रीम 5, चॅनल 4 लाच जोडलेलं आहे, सिलिकॉनमध्येच तशी तार आहे, रेफरन्स मॅन्युअलमधलं टेबल समोर ठेवूनच लिहायचं. पुढे पोर्टच्या नोडमध्ये फक्त दोन ओळी, डीएमएज (कोणते चॅनल) आणि डीएमए-नेम्स (त्यांची नावं), आणि दोन्हींचा क्रम जुळला पाहिजे.

आमचे आकडे सगळे बरोबर होते! नावात घोळ होता. ड्रायव्हर, म्हणजे पोर्ट चालवणारा कर्नलमधला कोड, "आरएक्स" (रिसीव्ह) मागतो, फाइलमध्ये कुणीतरी "आरएक्स0" लिहिलेलं. नाव सापडलं नाही, ड्रायव्हरच्या लेखी डीएमए असला तर उत्तम नाहीतर राहू दे, त्यामुळे तो गपचूप इंटरप्टवर गेला. फाइल नीट कंपाइल झाली, बोर्ड नीट बूट झालं, कुठे लाल अक्षर नाही. मला हे फार लागलं, कारण मेक डीटीबीएस_चेक, म्हणजे डिव्हाइस ट्री नियमांशी ताडून बघणारी कमांड, एकदा चालवलं असतं तर ते नाव स्कीमात, म्हणजे त्या नियमांत, बसत नाही हे तिथेच दिसलं असतं, आणि आमच्या बिल्डमध्ये ते कुणी घातलेलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

शून्य काढला, रीबूट केलं, इंटरप्टचा आकडा शांत झाला आणि तासभर एकही बाइट गळला नाही. मग बिल्डमध्ये चेक घातला, तर पहिल्याच रनला त्याच फाइलमध्ये आणखी एका सिरियल पोर्टलाही तोच शून्य निघाला. तो पोर्ट अजून कुणी वापरलाच नव्हता.